शाळेचं वर्ष संपत आलं: संमेलन, सातवीचा निरोप आणि जूनपर्यंतची कामं

एसडीएमसी_मेंबर

नमस्कार मंडळी. गावातले, बेळगावात राहणारे, पुण्याला-गोव्याला कामाला गेलेले असे सगळेच इथं भेटतात म्हणून इथंच लिहितो, प्रत्येकाला वेगवेगळे फोन करत बसणं होत नाही.

कर्नाटकात, खानापूर तालुक्यातल्या आपल्या मराठी शाळेचं वर्ष आता संपत आलंय. मार्चमध्ये पोरांची एसए-2, म्हणजे वर्षाच्या शेवटची परीक्षा लागेल, त्याच्या आत स्नेहसंमेलन व्हायला पायजे. मग सातवीचा निरोप. 10 एप्रिलच्या सुमाराला निकाल, त्याच दिवशी पालकांची सभा. सुट्टी लागली की मे महिन्यात पावसाच्या आधी कौलं परतायची आहेत, आणि मे संपता संपता शाळा परत सुरू होतेच, तेव्हा पहिलीला नवीन किती पोरं येतात हे आत्तापासून बघायला पायजे. एवढं सगळं तीन महिन्यांत हाय.

परवा एसडीएमसीच्या, म्हणजे आपल्या शाळा समितीच्या मीटिंगमध्ये संमेलनावरनं दोन मतं झाली. काही जण म्हणायलेत की रात्री करूया, मांडव घालून, लायटिंग लावून, मोठा साउंड आणून, शेजारच्या गावात झालं तसं. काही म्हणायलेत दिवसाच शाळेच्या पटांगणात करूया. मला काय वाटतं ते सरळ सांगतो. मोठ्या शाळेत संमेलन म्हणजे निवडून काढलेली पोरं नाचणार आणि बाकीची खाली बसून टाळ्या वाजवणार, तिथं आठशे हजार पोरं असतात, त्यांचाही इलाज नसतो. आपल्याकडं पहिली ते सातवी मिळून पन्नास सुद्धा नाहीत. मग प्रत्येक पोरगं स्टेजवर आलंच पायजे, नुसतं मागं उभं राहायला नाही, एकदा तरी माईकसमोर स्वतःच्या तोंडानं काहीतरी बोललं पायजे. हे आपल्याला जमतंय आणि मोठ्या शाळेला जमत नाही. बाकी दिवस का रात्र, मांडव का पटांगण, हे त्याच्यावरनं ठरवूया असं माझं म्हणणं. सगळ्यांनी बोला.

पुण्यातला_खानापूरकर

दादा एकदम चांगलं केलंस धागा काढून. मी आणि आमच्या बॅचची चार-पाच पोरं इकडं चाकणला आहोत, आम्ही आधीच बोललो होतो की यावर्षी मांडव आणि साउंडचा खर्च आमच्याकडं. गावाची शाळा आहे, जरा थाटात होऊ दे की. लोकांनी बघितलं की शाळेत काहीतरी चाललंय तर पोरं पण घालतील, नाहीतर सकाळी इंग्लिश मिडीयमची पिवळी गाडी गावात येते आणि भरून जाते हे आपण बघतोच. रात्री केलं तर कामावरनं आलेले बाप लोक पण बसतील. तारीख सांगा, आम्ही शनिवार-रविवार धरून येतो.

सातवीची_आई

भाऊ तुमची तळमळ समजते पण रात्रीचं नको ओ. एक तर मार्चच्या शेवटी एसएसएलसी परीक्षा, गावातली दहावीची पोरं रात्रीच अभ्यासाला बसतात, दिवसा त्यांना क्लास आणि घरचं काम असतंय. बारा वाजेपर्यंत साउंड वाजला तर त्यांनी कुठं जायचं. दुसरं म्हणजे लहान पोरं. गेल्या खेपेला यात्रेच्या टायमाला रात्रीचा कार्यक्रम ठेवलेला, पहिली-दुसरीची पोरं मेकप करून बसली आणि पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत आमच्या शेजारची चिमी आईच्या मांडीवर झोपून गेली, तिचा नंबर आला तेव्हा उठवली तर रडायलाच लागली. तिचा नाच झालाच नाही. महिनाभर घरात तोच नाच करून दाखवत होती ती.

आणि बायकांचं म्हणाल तर आम्हाला सकाळचंच बरं. काजूचं बी वेचायला आत्ता सुरुवात झालीय, वीटभट्टीवर जाणाऱ्या पण आहेत, अर्ध्या दिवसाची सुट्टी घेता येते, पण रात्री स्वयंपाक, जेवणं, जनावरं सगळं आटपून नऊ वाजता यायचं आणि परत पहाटे उठायचं हे होत नाही.

नंदगडकर

सकाळच्याला माझा पण पाठिंबा. आमच्याकडं दोन वर्षं झाली शनिवारी सकाळी करतात. साडेआठला सुरू, बाराला संपतं, मग जेवण. भाषण फक्त मोठ्या बाईंचं आणि एका पालकाचं. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतात की नारळ फोडा, पोरांना बक्षीस द्या, बसून बघा. कोण रुसत नाही.

निवृत्त_गुरुजी

मी या शाळेत होतो त्याला आता बरीच वर्षं झाली, पण सध्याच्या बाई बोलावतात म्हणून अधूनमधून जातो. एक गोष्ट सुचवायची आहे आणि ती जरा सविस्तर लिहितो.

पालकांना स्टेजवरचं दिसतं, वर्गातलं दिसत नाही. आपल्या पहिली ते तिसरीच्या वर्गात नली-कली, म्हणजे खेळत शिकण्याची पद्धत चालते. ही पद्धत 1995 ला म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झाली आणि मग सगळ्या कर्नाटकात पसरली. पोरं कमी, शिक्षक कमी आणि तीन वर्ग एका खोलीत, अशा शाळांसाठी ही फार उपयोगाची आहे. पोरं बाकावर ओळीनं बसत नाहीत, खाली गोल करून गटात बसतात. कुठल्या पोराचं काय झालंय आणि पुढं कुठलं कार्ड घ्यायचं हे शिकण्याच्या शिडीवर बघून पोरगंच जाऊन कार्ड काढून आणतं. एका गटाला बाई पूर्ण शिकवतात, दुसऱ्याला थोडी मदत करतात, तिसऱ्या गटात पोरं एकमेकांना दाखवतात. भिंतीला खाली, पोरांच्या हाताला येईल अशा उंचीवर काळे फळे आहेत, प्रत्येकाचा आपला तुकडा. आणि वर डोक्यावर सुतळ्या बांधलेल्या असतात, त्याला चप्पर म्हणतात, त्याच्यावर पोरांनी काढलेली चित्रं, कापलेले कागद, लिहिलेली अक्षरं लटकवतात.

माझं म्हणणं असं की संमेलनाच्या दिवशी कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास ही खोली पालकांसाठी उघडी ठेवा. वर्षभरातलं सगळं चप्परावर लावा, जूनमधलं आणि फेब्रुवारीमधलं शेजारी शेजारी. मागच्या आठवड्यात मी बघितलं, दुसरीतल्या एका मुलाचा जूनचा कागद आहे, त्याच्यात ‘क’ ची कणी उलटी आणि अक्षरं वरून खाली घसरत गेलेली, आणि परवाच्या कागदावर त्यानं घरच्या म्हशीवर पाच ओळी लिहिल्यात, म्हशीचं नाव, दूध किती देते, पाण्यात किती वेळ बसते, सगळं. हे त्याच्या आईनं बघितलं पाहिजे. तिला वाटतं की ‘तिथं नुसतं खेळवतात’, कारण घरी गृहपाठाच्या वह्या येत नाहीत. ते पोरगंच आईचा हात धरून आपल्या जागेवर नेऊन दाखवू दे. बाईंनी समजावून सांगायची गरज नाही.

पुण्यातला_खानापूरकर

गुरुजी नमस्कार. तुम्ही आम्हाला पाचवीला होता. हे वाचून मीच येतोय बघायला. ठीक आहे मंडळी, सकाळी तर सकाळी, आई लोकांना जमतंय ते महत्त्वाचं. मग मांडवाचे पैसे राहतातच, ते कशाला लावायचे ते सांगा. आम्ही ठरवलेली रक्कम कमी करणार नाही.

एसडीएमसी_मेंबर

कौलाला. बाकी काही नको. माकडांनी यावर्षी उत्तरेकडची बाजू पार विस्कटून टाकलीय, नली-कलीच्या खोलीत जूनमध्ये धो धो गळणार हे आत्ताच दिसतंय. आपल्या बाजूचा पाऊस काय आहे तुम्हाला माहीतच आहे, कणकुंबीकडं लागला की थांबत नाही. गुरुजी म्हणतात ते चप्पर, ती कार्डं, सगळं कागदाचं आहे ओ. मंगलोरी कौलं थोडी नवी घालावी लागतील, चार-पाच रिपा कुजल्यात त्या बदलायच्या. मजुरी आपण श्रमदानात भागवू, सामानाला पैसे लागतील. साउंड म्हणाल तर शाळेकडं प्रार्थनेचा माईक आणि स्पीकर आहे, पटांगणाला तो पुरे.

बेळगावची_लेक

मी माहेरवाशीण, सध्या शहापूरला असते. प्रत्येक मूल बोललं पाहिजे हे मला फार आवडलं पण ते कसं करायचं ते पण ठरवा, नाहीतर शेवटी चार हुशार पोरांकडंच माईक जातो. मी एका शाळेत बघितलं होतं की निवेदन एकाकडं न देता प्रत्येक आयटमची ओळख वेगवेगळ्या मुलानं करून दिली, दोन वाक्यं फक्त. म्हणजे नाचात लाजणारं पोरगं पण दोन वाक्यं बोलून जातं. आणि तोतरं बोलणारं असेल तर त्याच्याबरोबर जोडीला एक जण द्या, दोघांनी मिळून म्हणायचं.

दुसरं म्हणजे सिनेमाच्या गाण्यावर नाच किती ठेवायचे ते बघा. लेझीम तर आपल्या शाळेची ओळख आहे, ती पाहिजेच. फुगडी, गोंधळ, पोवाडा हे पोरं गावात बघतात त्यामुळं शिकवायला पण सोपं. आणि आज्ज्यांना बोलवा ना. जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आज्ज्या अजून गावात आहेत, नातवंडं त्यांच्या शेजारी बसून म्हणतील. माझी आई यायला तयार आहे, कालच विचारलं मी.

कन्नड_पण_येतंय

एक विनंती. कन्नडचा पण एक आयटम ठेवा, आणि नुसता ठेवायचा म्हणून नको, चांगला बसवा. आपल्या पोरांची पहिली भाषा मराठी असली तरी कन्नड शिकायलेत ती, रोज नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत म्हणतात, तालुक्याला गेल्यावर ऑफिसात, बसमध्ये, दवाखान्यात तीच भाषा लागते. ‘मराठी शाळेत घातलं तर पोराचं कन्नड कच्चं राहील’ अशी भीती पालकांना असते आणि बाकी कुठल्याही कारणापेक्षा जास्त पोरं या भीतीनं दुसरीकडं जातात. आई-बापाच्या समोर सहावीतल्या पोरीनं घडाघडा कन्नड बोलून दाखवलं की तो विषय संपला.

विषय पण जवळचाच घ्या. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला नंदगडला 26 जानेवारी 1831 ला फाशी दिली, त्याची समाधी आपल्याच तालुक्यात आहे, पोरांनी ती जागा बघितलेली आहे. पंधरा मिनिटांची नाटिका होईल. मी संवाद लिहून देतो, आणि उच्चार पण करून घेतो, रोज साडेचारला मी मोकळाच असतो.

आणि क्लस्टरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या कलिका हब्बला (शिकण्याच्या उत्सवाला) ज्यांनी मोठ्यानं वाचन आणि कथा सांगण्यात भाग घेतला त्या पोरांना पण तीच कथा गावासमोर सांगू दे. तिथं परीक्षक होते, इथं आपली माणसं असतील.

सातवीची_आई

हे सगळं झालं, पण सातवीचं पण बोलूया का. निरोप म्हणजे फोटो, पेन आणि रडारड असं नको. आमची सहा पोरं यावर्षी बाहेर पडणार आणि आठवीला कुठं जाणार हेच अजून चार घरांत ठरलेलं नाही. मुलीच्या बाबतीत तर ‘लांब आहे, बस वेळेवर नाही, बघूया’ असं म्हणत म्हणत जून येतो आणि ती घरातच राहते. निरोपाच्या दिवशी ही सगळी घरं एकत्र येणारच आहेत तर त्याच दिवशी बसून ठरवून टाकूया, कोण कुठल्या हायस्कुलात, कुठल्या बसनं, कोणाच्या सोबतीनं.

निवृत्त_गुरुजी

ताईंनी नेमकं सांगितलं. मी काही गोष्टी लिहून ठेवतो, कामाला येतील.

खानापूरला मराठी हायस्कूल आहे, तिथं आठवी ते दहावी मराठीतूनच होतं. सातवीपर्यंत गणित-विज्ञान मराठीत शिकलेल्या मुलाला आठवीला एकदम दुसऱ्या माध्यमात टाकलं तर पहिलं वर्ष भाषा समजण्यातच जातं, आणि आठवीलाच बीजगणिताचा पाया पक्का व्हायचा असतो. एसएसएलसीला एकूण 625 मार्क असतात, त्यातली पहिली भाषा 125 ची आणि बाकी पाच विषय 100 चे. आपल्या मुलाला सगळ्यात जास्त मार्कांचा पेपर आपल्या भाषेत मिळतो, हे पालकांना सांगा. ज्यांना इंग्रजी माध्यमातच घालायचं आहे त्यांच्याशी वाद नको, त्यांनी सुट्टीत गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द तेवढे करून घ्यावेत, मी शिकवतो.

बसचं म्हणाल तर 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत मुलींना आणि बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, आधार दाखवलं की झालं. म्हणजे मुलीच्या बाबतीत खर्चाचं कारण राहिलं नाही, वेळेचं राहिलं. मुलांचा पास काढावा लागेल. सकाळच्या बसची वेळ शाळेला जुळत नसेल तर डेपोला अर्ज द्यायचा, पण एका घराचा नको. आपल्या गावाचा आणि पुढच्या दोन वाड्यांचा मिळून द्या, खाली किती पोरं त्या बसनं जाणार त्यांची यादी जोडा. यादी असली की अर्जाला वजन येतं.

कागद आत्ताच गोळा करा. टीसी निकालानंतर मिळेल. एसएटीएस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला पोराचा नंबर, बाईंकडं असतो, तो लिहून घ्या. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव एकच आहे का ते बघा, एका अक्षराचा फरक असला तरी पुढं स्कॉलरशिपला अडतं. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं, म्हणजे महसूल खात्याच्या ऑफिसातनं काढायचा, तो जूनमध्ये गर्दीत काढत बसू नका, एप्रिलमध्ये अर्ज टाका.

बेळगावची_लेक

माझ्या मैत्रिणीची शाळा दोन मैलांवर होती तरी ती सातवीनंतर सुटली, कारण सोबत नव्हती, एवढंच. आत्ता बस आहे, तिकीट नाही, आणि तरी पोरी घरात राहिल्या तर फार वाईट वाटेल. ज्या घरात अजून ठरत नाही त्या घरी मी आणि आई जाऊन येतो, होळीला मी गावात आहेच.

अंगणवाडी_ताई

पहिलीच्या प्रवेशाचं मी सांगते. माझ्याकडं यावर्षी पहिलीला जाण्याच्या वयाची सात मुलं आहेत, त्यातली तीन जणांची आई-वडील अजून विचारात आहेत. 2025 ला सरकारनं 5 वर्षं 5 महिन्यांची मुलं पहिलीला चालवून घेतली होती, ती सवलत त्या एका वर्षापुरती दिली होती. म्हणून जन्मतारखेचा दाखला घेऊन आधीच मोठ्या बाईंना दाखवा, तोंडी हिशोबावर राहू नका.

संमेलनाला अंगणवाडीची मुलं पण एक गाणं म्हणतील असं करा. त्यांची आई येणारच बघायला, मग ती नली-कलीची खोली पण बघेल. माझ्या अनुभवानं सांगते, पोरानं एकदा त्या खोलीत बसून कार्डं हाताळली की ते घरी जाऊन तिथंच जायचंय म्हणून मागं लागतं.

आणि जेवणाचं पण सांगा पालकांना, बऱ्याच जणांना माहीत नसतं. शाळेत दुपारचं गरम जेवण आहे, दूध आहे, रागी माल्ट आहे, 2024 पासून आठवड्याचे सहा दिवस अंडं आणि जो अंडं खात नाही त्याला केळं. पिवळ्या गाडीत बसून जाणारी पोरं सकाळी सातचा डबा दुपारी थंड खातात.

पुण्यातला_खानापूरकर

सहल नाही का यावर्षी? आम्ही असताना गोकाकचा धबधबा बघायला गेलो होतो, अजून आठवतंय.

एसडीएमसी_मेंबर

धबधब्याला पाणी पावसाळ्यातच रे, आत्ता नुसता खडक. आणि परीक्षा तोंडावर आलीय. त्याच्याऐवजी परीक्षा झाल्यावर निकालाच्या आधी एक दिवस हलशीला जाऊया असं बाई म्हणायल्यात. जवळ आहे, कदंबांच्या वेळचं गाव, भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत ते पोरांना दाखवायचे. पोरांनी नकाशा काढायचा, देवळाची लांबी-रुंदी पावलांनी मोजायची, चित्र काढायचं. डबे घरनं. सातवीची पोरं लहान पोरांची जबाबदारी घेणार, एका मोठ्याकडं तीन-चार लहान. त्यांचा खरा निरोप तोच होईल असं मला वाटतं. जेवण झाल्यावर तिथंच देवळाच्या बाजूला सावलीत बसून प्रत्येक सातवीच्या पोरानं लहानांना एकेक गोष्ट सांगायची, शाळेतली.

आणि वैशाखातली शिवजयंती विसरू नका. बेळगावच्या मिरवणुकीत चित्ररथ बघायला पोरं जातातच, यावर्षी आपल्या गावच्या मिरवणुकीत शाळेचं लेझीम पथक असावं असं मंडळाची पोरं म्हणायलीत. सुट्टीत पोरं आजोळी जातात, म्हणून जी गावात राहणार त्यांची नावं निकालाच्या दिवशी घेऊ. संमेलनाला बसवलेलंच आहे, पुन्हा शिकवायला लागणार नाही.

कन्नड_पण_येतंय

कौलाच्या कामाला मी येतो. माझ्याकडं शिडी आहे, लांब आहे, छपरापर्यंत पोचते. पण एक बघा, कौलं उतरवून ठेवताना फुटलेली आणि चांगली वेगळी करा आणि शाळेच्या मागं सावलीत रचा, गेल्या वेळेला पटांगणात ठेवली आणि अर्धी जनावरांनी तुडवली. रिपांना वाळवीचं औषध लावूनच वर चढवा.

नंदगडकर

जेवणाला काय?

सातवीची_आई

हुग्गी! गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, वर तूप, सोबत सांबार-भात. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी तयार आहेत पण गहू त्यांच्या एकट्यावर टाकायचे नाहीत, ते आम्ही बायका वाटून घेतो. आदल्या दिवशी गहू भिजवून, उखळात कांडून, साल पाखडून काढायचं काम आहे, ते मिक्सरला होत नाही, नीट कांडले तरच हुग्गी दाट होते. खसखस, खोबरं, वेलदोडा किराण्यातनं. गूळ कोण देणार?

बेळगावची_लेक

गूळ माझ्याकडून. आणि कुंदा पण आणते बेळगावहून, पण तो फक्त सातवीच्या पोरांना आणि मावशींना.

एसडीएमसी_मेंबर

मोठ्या बाईंशी आत्ताच बोललो. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार धरलाय, सकाळी आठला नली-कलीची खोली उघडी, साडेआठला कार्यक्रम. त्या दिवशी सकाळची शाळा असतेच, त्यामुळं परवानगीची अडचण नाही. निरोप आणि हायस्कूलची बैठक एसए-2 चा शेवटचा पेपर झाला की त्याच दुपारी.

पालकांनी उद्यापर्यंत बाईंना एवढं कळवा, तुमचं पोरगं माईकवर काय बोलणार. ज्यांच्याकडं पोराला विचारायला वेळ नाही त्यांचं बाई विचारून घेतील, पण नाव सुटायला नको, यादी मी शनिवारी शाळेच्या भिंतीला लावतो. गहू कांडायला शुक्रवारी दुपारी तीनला माझ्या घरच्या पडवीत, उखळ दोन आहेत, अजून एक कुणाकडं असेल तर आणा.

सातवीची_आई

आमचं आणते. मुसळ पण.